चिंच, तुरटी, सोडा आणि जुनी साडी: घरातल्या वस्तूंच्या अनपेक्षित उपयोगांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरगुती उपाय सांगणारे घरोघरी भेटतात, पण तो उपाय का लागू पडतो हे सांगणारे क्वचितच भेटतात. कारण कळले नाही की तांब्याच्या कळशीला लावायची चिंच ओट्याच्या दगडावरही चोळली जाते आणि दगड खराब झाल्यावर दोष उपायाला दिला जातो. पुढील उत्तरांत म्हणून उपायाबरोबर त्यामागचे कारण सांगितले आहे, आणि जो उपाय करू नये असे वाटते तो करू नये, असेही स्पष्ट लिहिले आहे.

प्रश्न: पितळेची आणि तांब्याची भांडी साबणाने निघत नाहीत, मग चिंचेने कशी उजळतात?

तांब्यावर चढणारा काळपट थर हा मुख्यतः तांब्याच्या ऑक्साइडचा असतो, आणि दमट हवेत बरेच दिवस पडून राहिलेल्या भांड्यावर जो हिरवट थर दिसतो त्यात तांब्याचे कार्बोनेट असते. साबण तेलकटपणा काढतो. हे थर तेलकट नसल्यामुळे त्यांच्यावर त्याचा काही उपयोग होत नाही. ते आम्लात मात्र विरघळतात. चिंचेत टार्टारिक आम्ल असते, लिंबात सायट्रिक आणि आंबट ताकात लॅक्टिक आम्ल असते, त्यामुळे या तिन्हींनी भांडी निघतात. चिंच त्यातल्या त्यात सोयीची पडते, कारण तिचा कोळ भांड्याला चिकटून राहतो आणि चोथा घासणीचे काम करतो. सोबत चिमूटभर मीठ घेतल्यास काम लवकर होते, कारण मिठातील क्लोराइडमुळे तांब्याचा थर सुटायला मदत होते.

देवघरातील ताम्हन घेऊन हे एकदा सावकाश पाहावे. कोळ लावताच काळ्या थरावर आधी तपकिरी वाटा उमटतात, मग मिनिटभरात खालचा गुलाबीसर रंग दिसू लागतो. कोळ तसाच तासभर ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. पितळ हे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण असल्यामुळे आम्ल फार वेळ राहिले की पृष्ठभागावरचे जस्त निघून जाते आणि पिवळ्याधमक भांड्यावर तांबूस चट्टे उरतात. भांडे धुतल्यावर लगेच कोरड्या फडक्याने पुसणे हे घासण्याइतकेच महत्त्वाचे आहे. निथळत ठेवलेल्या तांब्यावर संध्याकाळपर्यंत थेंबांचे ठसे उमटतात.

प्रश्न: मग पितळेच्या पातेल्यात आमटी किंवा कढी का करू नये म्हणतात?

कारण तेच आहे. जे आम्ल भांड्याचा थर विरघळवते ते आमटीतल्या चिंचेतून आणि कढीतल्या ताकातूनही तांबे सोडवते, आणि पदार्थ कळकतो. यासाठीच कल्हई असे. कल्हई करणारा कारागीर भांडे तापवून त्यावर नवसागर टाकतो, पांढरा धूर उठतो, धातूवरचा थर निघून जातो आणि लगेच कथलाचा तुकडा फिरवून तो कापसाच्या बोळ्याने आतून सर्वत्र पसरला जातो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे साध्या शेगडीवरही हे काम होते. कल्हई केलेली बाजू चिंचेने किंवा तारेच्या घासणीने घासू नये, आणि आत पिवळा किंवा तांबूस धातू डोकावू लागला की आंबट पदार्थांसाठी ते भांडे बाजूला ठेवावे.

प्रश्न: लिंबू आणि व्हिनेगर हे नैसर्गिक क्लीनर आहेत. त्यांनी ओटा आणि फरशी पुसावी का?

दगड कोणता आहे त्यावर हे अवलंबून आहे, आणि महाराष्ट्रातील बहुतेक जुन्या घरांत उत्तर ‘पुसू नये’ असेच आहे. शहाबादी फरशी आणि आपल्याकडे ओट्याला सर्रास वापरला जाणारा काळा कडप्पा हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, संगमरवरही त्याच कुळातला आहे. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि ते आम्लात विरघळते. आमच्या ओट्यावर गॅसच्या डाव्या हाताला रुपयाच्या नाण्यापेक्षा जरासे मोठे पांढरट वर्तुळ आहे. एका रात्री पिळलेल्या लिंबाची फोड तेथे पालथी राहून गेली होती. तेलाचा हात फिरवला की वर्तुळ दिसेनासे होते आणि तेल पुसले गेले की पुन्हा दिसू लागते, कारण तो डाग नसून दगडाची झिलईच तेवढी खाल्ली गेलेली आहे. पुन्हा पॉलिश केल्याखेरीज त्यावर इलाज नाही.

ग्रॅनाइट आणि सिरॅमिकच्या टाइल यांना हा धोका फारसा नसतो, पण दोन टाइलांमधील सिमेंटची दर्ज आम्लाने हळूहळू खचते. व्हिनेगरचा खरा उपयोग पाण्याच्या क्षारांवर होतो. ज्या गावात बोअरचे जड पाणी आहे तेथे किटलीच्या तळाशी आणि नळाच्या जाळीवर जो पांढरा खडा धरतो तोही कॅल्शियम कार्बोनेटच असतो. किटलीत समभाग पाणी आणि व्हिनेगर घालून गरम करून अर्धा तास ठेवले की खपल्या सुटतात. नळाच्या जाळीसाठी व्हिनेगर भरलेली छोटी प्लास्टिकची पिशवी नळाला रबराने बांधून ठेवावी. म्हणजे जे आम्ल ओट्याचा दगड बिघडवते तेच येथे नेमके उपयोगी पडते.

प्रश्न: खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फवारले तर स्वच्छता दुप्पट होते का?

होत नाही, उलट जवळजवळ नाहीशी होते. सोडा अल्कधर्मी आहे आणि व्हिनेगर आम्लधर्मी. दोघे एकत्र आले की एकमेकांचा गुण मारतात आणि मागे उरते ते सोडियम ॲसिटेट, पाणी आणि हवेत उडून गेलेला कार्बन डायऑक्साइड. फेस पाहून समाधान वाटते, म्हणून हा उपाय इतका पसरला असावा. मोरीच्या जाळीत अडकलेला हलका कचरा त्या बुडबुड्यांच्या धक्क्याने क्वचित सुटतो, पण बाटलीत भरून ठेवलेले मिश्रण म्हणजे किंचित खारट पाणी समजावे. शिवाय बाटली घट्ट बंद केल्यास वायूच्या दाबाने ती फुटू शकते. दोन्ही वापरायचेच असतील तर एकामागून एक वापरावेत: तेलकट थरावर आधी सोडा, तो धुऊन टाकल्यावर क्षारांच्या डागांवर व्हिनेगर.

येथेच एक गंभीर इशारा द्यायला हवा. ब्लीच आणि संडास धुण्याचे आम्ल कधीही एकत्र करू नये, आणि एकापाठोपाठ एक ओतूही नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत तो फुप्फुसांना गंभीर इजा करू शकतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा लिंबू मिसळले तरी क्लोरीन निघतो. अमोनिया असलेला क्लीनर मिसळल्यास क्लोरामाइन नावाचे तितकेच घातक वायू तयार होतात. अशी चूक झालीच तर बादली आवरत बसू नये, तत्काळ बाहेर मोकळ्या हवेत जावे.

प्रश्न: खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा एकच का?

नाही. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, त्याच्या द्रावणाचा सामू (पीएच) सुमारे ८.३ असतो आणि हाताला तो सौम्य वाटतो. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. त्याचा सामू ११ च्या आसपास जातो, तो ओशट कढईवर आणि चिकट झालेल्या चिमणीच्या जाळीवर प्रभावी ठरतो, पण हातमोज्यांशिवाय वापरू नये. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना दोन्हींपासून दूर ठेवावे, कारण अल्कामुळे ॲल्युमिनियम काळवंडते. काळा पडलेला कुकर लिंबाची साल घालून पाणी उकळल्यावर उजळतो तो याच नियमाच्या उलट्या बाजूने. पूर्वी भांडी राखेने घासत असत, तेही अल्काचेच काम होते: लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते, ते तेलाशी मिळून थोडा साबणच तयार करते आणि राखेची खरखर उरलेले काम करते.

प्रश्न: काळी पडलेली चांदी ॲल्युमिनियम फॉइलने स्वच्छ होते हे खरे आहे का?

हा या यादीतील सर्वांत सुंदर प्रयोग आहे आणि तो खरा आहे. चांदीवरचा काळा थर म्हणजे चांदी आणि गंधक यांचे संयुग, सिल्व्हर सल्फाइड. पसरट भांड्यात फॉइल पसरावी, त्यावर चांदीची वस्तू फॉइलला टेकेल अशी ठेवावी, दोन चमचे खाण्याचा सोडा भुरभुरावा आणि उकळते पाणी ओतावे. ॲल्युमिनियमला चांदीपेक्षा इलेक्ट्रॉन सोडण्याची घाई अधिक असते, त्यामुळे गंधक चांदीला सोडतो आणि चांदी पुन्हा धातुरूपात जागच्या जागी परत येते. सोड्याचे पाणी या देवघेवीला वाहक म्हणून लागते. सडक्या अंड्यासारखा किंचित वास आला तर काम सुरू झाले असे समजावे. घासून चकाकी आणताना दर वेळी चांदीचा अतिशय पातळ थर निघून जातो आणि मूर्तीचे नाकडोळे झिजतात. या पद्धतीत ते होत नाही.

तरीही सरसकट सर्व वस्तू यात बुडवू नयेत. ऑक्सिडाइज्ड दागिन्यांचा काळेपणा मुद्दाम दिलेला असतो, तोही जाईल. मोत्यांची नथ, लाखेवर बसवलेले खडे, आतून पोकळ असलेले जुने दागिने यांना गरम पाणी सोसत नाही. गौरीच्या मुखवट्यांवर रंगकाम असेल तर तेही वगळावे.

प्रश्न: कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावताच लाल का होतो? आणि जातो कशाने?

हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य अल्काच्या संपर्कात लाल होते, आणि साबण अल्कधर्मी असतो. हळदीला चुना लावून कुंकू तयार होते ते याच क्रियेने. तेव्हा पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग साबणाखाली लालभडक झाला म्हणून घाबरून ब्लीच शोधण्याचे कारण नाही. साबण धुतला गेला की तो पुन्हा पिवळा होतो. त्यावर लिंबू पिळल्यावरही तो लगेच पिवळा होतो, मात्र तो गेलेला नसतो, फक्त रंग बदललेला असतो.

डाग घालवणारी वस्तू घरात नसून घराबाहेर आहे. कर्क्युमिन उन्हात टिकत नाही. डाग साबणाने धुऊन, कापड ओले असतानाच डागाची बाजू वर करून भर उन्हात दोरीवर टाकावे. एका दुपारी फिकेपणा दिसतो, दोन-तीन दिवसांत बहुधा काही उरत नाही. लग्नातील हळदीच्या कपड्यांवर हा उपाय करून पाहावा, फक्त रंगीत कापडाचा मूळ रंगही उन्हाने विटतो हे लक्षात ठेवावे.

प्रश्न: तुरटी फिरवलेले पाणी पिण्यायोग्य होते का?

ते नितळ होते. निर्जंतुक होतेच असे नाही. गढूळ पाण्यातील मातीचे अतिसूक्ष्म कण ऋण विद्युतभाराचे असतात, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात आणि रात्रभर ठेवूनही बसत नाहीत. तुरटीतील ॲल्युमिनियमचा धन भार हा दुरावा मोडतो, आणि पाण्यात तयार होणारे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड कापसाच्या पेळूसारखे या कणांना गुंडाळून तळाशी नेते. पावसाळ्यात विहिरीचे पाणी लालसर येते तेव्हा हंड्यात तुरटीचा खडा चार-पाच वेळा गोल फिरवून काढून घ्यावा आणि पाणी अजिबात न हलवता काही तास ठेवावे. वरचे पाणी निथळून घ्यावे, तळाचा गाळ फेकावा, आणि त्यानंतर पाणी खळखळून किमान एक मिनिट उकळावे. गाळाबरोबर काही जंतूही बसतात, पण ‘काही’ या शब्दावर लहान मुलांचे पोट सोपवू नये.

दाढी केल्यावर तुरटी लावतात ती वेगळ्या गुणामुळे: ती स्तंभक आहे, त्वचेतील प्रथिने आवळून बारीक कापांतील रक्त थांबवते. तिसरा उपयोग रंगारी पूर्वापार जाणतात. मंजिष्ठेसारखे वनस्पतिजन्य रंग सुती कापडावर पक्के बसवण्यासाठी तुरटीचे पाणी आधी पाजावे लागते.

प्रश्न: जुन्या साडीने पाणी गाळण्याचा काही फायदा आहे का, की ती केवळ सवय आहे?

फायदा आहे, आणि तो मोजलेलाही आहे. हा प्रयोग बांगलादेशातला. कॉलऱ्याचा जंतू फडक्यातून सहज निसटेल इतका लहान असतो, पण तळ्यानदीच्या पाण्यात तो बहुतांशी सूक्ष्म प्लवकांना, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांना, चिकटून राहतो, आणि ते प्लवक फडक्यात अडकतात. अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट धरून बांगलादेशातील ६५ खेड्यांत, सुमारे १,३३,००० लोकांमध्ये तीन वर्षे काम केले. सुती साडीची किमान चारपदरी घडी घागरीच्या तोंडावर धरून पाणी भरायचे, एवढाच उपाय होता. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार साडीने पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलऱ्याचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी झाले.

यातील लक्षात ठेवण्यासारखा तपशील असा की नवी साडी चालत नाही. वारंवार धुतलेल्या साडीचे सूत सैल होऊन फुलते आणि विणीतील भोके लहान होतात. चार ते आठ पदरांत ती सुमारे २० मायक्रोमीटरची जाळी होते. म्हणजे जी साडी आपण गोधडीसाठी बाजूला काढतो तीच येथे उत्तम. फडके दर वेळी धुऊन उन्हात वाळवावे. विषाणूंवर किंवा पाण्यात विरघळलेल्या रसायनांवर मात्र या गाळणीचा परिणाम होत नाही, त्यामुळे उकळण्याची सोय असेल तेथे उकळावेच.

प्रश्न: तांब्याच्या कळशीत रात्रभर पाणी ठेवल्याने जंतू मरतात का?

बेंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ साली याविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुलाबाचे जंतू मुद्दाम मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवल्यावर त्यात जिवंत जंतू आढळले नाहीत, आणि पाण्यात उतरलेले तांबे जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरमागे २ मिलिग्रॅम या मर्यादेपेक्षा खूपच कमी होते. १६ तास म्हणजे मात्र संध्याकाळी सहाला भरलेले पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, झोपताना भरून पहाटे प्यायलेले नव्हे. त्या कळशीत लिंबूसरबत किंवा ताक ठेवू नये, याचे कारण वर आलेच आहे.

प्रश्न: धान्याला कीड लागू नये म्हणून एरंडेल, कडुनिंब, लवंगा यांपैकी काय वापरावे?

सर्वांच्या आधी ऊन वापरावे. किडीला ओलावा लागतो, आणि ओलसर गव्हात घातलेला कोणताही पाला निरुपयोगी आहे. कडक उन्हात वाळवून, पूर्ण थंड करून मगच धान्य भरावे. गरम धान्य डब्यात घातले की झाकणाला आतून पाणी सुटते. त्यानंतर डाळींना आणि गव्हाला एरंडेलाचा पुसटसा हात लावणे हा मला सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो. तेलाच्या पातळ थरामुळे किडीची अंडी दाण्याला नीट चिकटत नाहीत आणि चिकटलेली गुदमरतात. वापरण्यापूर्वी धान्य धुतले की तेल निघून जाते. कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवलेला असावा. लवंगा आणि तमालपत्र यांच्या वासाने टोके काही प्रमाणात दूर राहतात, पण आत अंडी असतील तर त्यांना वासाचे काही नाही. काही ठिकाणी धान्यात पाऱ्याच्या गोळ्या घालण्याची पद्धत आहे. ती ताबडतोब बंद करावी. पारा विषारी आहे आणि गोळी फुटली तर धान्य टाकून देण्यावाचून पर्याय उरत नाही.

प्रश्न: तांदळाच्या डब्यात आंबे पिकतात, तर पाण्यात पडलेला मोबाइल का सुकू नये?

आंबे पिकतात ते तांदूळ ओलावा शोषतो म्हणून नव्हे. पिकणारे फळ इथिलीन नावाचा वायू सोडते आणि तोच वायू फळाला आणखी पिकवतो. तांदळात किंवा पेंढ्याच्या अढीत तो फळाभोवती कोंडून राहतो, शिवाय ऊब मिळते. कच्चे चिकू आणि केळी याच रीतीने पिकतात. रोज चाचपून पाहावे, नाहीतर तळाचा एक नासतो आणि डबाभर तांदळाला त्याचा वास लागतो.

मोबाइलच्या बाबतीत कोरडा तांदूळ मोकळ्या हवेपेक्षा काही विशेष करत नाही. त्याचे पीठ आणि कण चार्जिंगच्या खाचेत जाऊन नवा बिघाड मात्र करू शकतात. ॲपल कंपनीने २०२४ साली आपल्या ग्राहकांना फोन तांदळात ठेवू नका असे स्पष्ट कळवले. फोन बंद करावा, पुसावा, खाच खाली करून हलकेच आपटून पाणी काढावे आणि पंख्याखाली ठेवावा. त्या वेळात चार्जर लावू नये.

प्रश्न: कापूर आणि डांबराच्या गोळ्या कपाटात ठेवणे सुरक्षित आहे का?

मोठ्यांच्या कपाटात, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवता येतात. पण कापूर खडीसाखरेसारखा दिसतो आणि थोडासा कापूर पोटात गेल्यानेही लहान मुलाला आकडी येऊ शकते, हे देवघरात उघडी डबी ठेवणाऱ्या घरांना सहसा ठाऊक नसते. डांबराच्या गोळ्यांविषयी अधिक काटेकोर राहावे. त्यांतील नॅप्थॅलीनमुळे, जी-६-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. थोरल्या भावंडाची दुपटी आणि झबली वर्षानुवर्षे या गोळ्यांत ठेवून नव्या बाळासाठी तशीच बाहेर काढली जातात. ती तशी घालू नयेत.

पैठणीसाठीही या गोळ्या नकोत. ती मऊ सुती फडक्यात गुंडाळावी, दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या ठिकाणी घालावी. सुती फडक्याला रिठ्याच्या पाण्याची एक धुणी दिली तर पुरे. रिठ्यातील सॅपोनिन फेस करते, पण साबणासारखा अल्कपणा मागे ठेवत नाही.

प्रश्न: फणसाचा चीक, स्टिकरचा डिंक आणि मिरचीची आग यांवर पाणी का चालत नाही?

तिन्ही गोष्टी पाण्यात विरघळत नाहीत, तेलात विरघळतात किंवा सैल होतात. कोकणात फणस फोडायला बसण्यापूर्वी विळीला आणि दोन्ही हातांना खोबरेल चोळतात ते यासाठी. चीक लागल्यावर पाण्याने धुतल्यास तो रबरासारखा घट्ट बसतो. बरणीवरच्या चिकट डिंकावर खोबरेल लावून दहा मिनिटे ठेवावे आणि मग भांड्याच्या साबणाने धुवावे. मिरच्या चिरल्यावर हातांची आग होत असेल तर आधी तेल, मग साबण, हा क्रम ठेवावा. अळूची आणि सुरणाची खाज वेगळी असते: त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते त्वचेत रुततात. हाताला लावलेले तेल तेथे केवळ आडपडदा असतो. पोटात जाणाऱ्या अळूच्या खाजेसाठी फदफद्यात चिंच किंवा ताक घालतात.

प्रश्न: भाजल्यावर टूथपेस्ट लावावी का?

मुळीच नाही, हळद, तूप, कॉफी, बर्फ यांपैकीही काही नाही. भाजलेला भाग नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटे धरावा. लेपाने उष्णता आत कोंडते आणि पुढे डॉक्टरांना जखम पाहणे अवघड होते. टूथपेस्टचा उपयोग स्टीलच्या नळावरील पुसट डागांपुरता ठेवावा, कारण तिच्यात बारीक खरखरीत भुकटी असते.

प्रश्न: जुन्या वर्तमानपत्राचा उपयोग कोठे करावा आणि कोठे टाळावा?

काच ओली करून वर्तमानपत्राच्या बोळ्याने पुसल्यास धागे राहत नाहीत. पावसात भिजलेल्या बुटांत बोळे कोंबून दोन-तीन तासांनी बदलावेत. बूट आकार न बिघडता लवकर वाळतात. तळणीचे तेल टिपण्यासाठी मात्र वर्तमानपत्र वापरू नये. गरम तेल छपाईची शाई उचलते, आणि भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनुसार अन्न वर्तमानपत्रात बांधण्यास मनाई आहे. वडापाव त्यात गुंडाळून घ्यायची आपली सवय अजून गेलेली नाही, हे वेगळे.

प्रश्न: चहाचा चोथा आणि अंड्याची टरफले झाडांना घालावीत का?

चोथा धुऊन घालावा. दूध-साखरेसकट घातल्यास चौथ्या दिवशी कुंडीत मुंग्यांची रांग लागते आणि मातीला आंबूस वास येतो. टरफले अख्खी टाकली तर ती महिनोन्महिने तशीच दिसतात, म्हणून वाळवून मिक्सरमध्ये पूड करावी. तीही सावकाशच मातीत मिसळते, तिच्याकडून लगेच फुलांची अपेक्षा धरू नये.

प्रश्न: सुरीला धार, अडकलेली चेन, कडक झालेले कुलूप: यांसाठी घरात काय सापडेल?

चिनी मातीचा कप पालथा केल्यावर तळाशी जी झिलई नसलेली खरखरीत कड दिसते तिच्यावर सुरी तिरपी धरून प्रत्येक बाजूने दहा-बारा वेळा ओढावी. टोमॅटो कापण्यापुरती धार नक्की येते. चेनीच्या दात्यांवर मेणबत्ती घासावी. कुलपात तेल घालू नये, कारण तेलावर धूळ बसून त्याचा गोळा होतो; पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्रॅफाइट, ते किल्लीवर भरपूर घासून किल्ली चार वेळा आतबाहेर करावी.

प्रश्न: फ्रीज नसताना पॉटमधले आइस्क्रीम कसे गोठते? त्यात मिठाचे काय काम?

नुसता बर्फ शून्य अंशाला थांबतो, आणि साखर घातलेले दूध शून्याला गोठत नाही. बर्फावर मीठ टाकले की त्याचा गोठणबिंदू खाली जातो. बर्फ वितळू लागतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता डब्यातील दुधातून ओढून घेतो. मिठाचे प्रमाण वजनाने सुमारे २३ टक्के असेल तर हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. लाकडी पॉटमध्ये बर्फ आणि जाडे मीठ थर देऊन भरावे, डब्याचे झाकण खाऱ्या पाण्याच्या पातळीच्या वर राहील याची काळजी घ्यावी आणि दांडा सतत फिरवावा, म्हणजे मोठे स्फटिक धरत नाहीत. हात भरून येऊ लागले आणि दांडा जड लागला की आइस्क्रीम झाले. उरलेले खारे पाणी मोरीत ओतावे; अंगणातील तुळशीला किंवा कुंड्यांना घातल्यास झाडे जळतात.